पिवळं कुणी खाल्लं?

१

बनूची पत्र्याची पेटी अंगणात पालथी पडली होती. दोन लुगडी, फणी, पोरीची झबली, सगळं मातीत. त्या पसाऱ्यातून निघालेली एक पुरचुंडी नानासो पाटलांच्या पुढ्यात पाटावर ठेवली होती. पुरचुंडीत पांढरट पूड होती.

"बगा, समद्यांनी बगा!" बनूची सासू चंद्राबाई ओरडत होती. "माज्या पोराला हे चारतीय ही सटवी! आवं, पैलवान गडी माजा जोतीराम, चार म्हयन्यात काटकी झाला!"

लीलाबाई दारातच थांबल्या. त्या रहिमतपूरच्या दवाखान्यातल्या नर्स. बावीस वर्षं आसपासच्या वाड्यांवर फिरून त्यांनी बाळंतपणं केलेली. बनूच्या आठ महिन्यांच्या पोरीला लस टोचायला त्या आल्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ सरून तेव्हा दोन वर्षं झाली होती. वाडीत नर्स आली की बायका पोरांना कडेवर घेऊन पाराशी जमायच्या. आज पाराशी कुणी नव्हतं. अख्खी वाडी या अंगणात लोटली होती आणि मधोमध बनू पोरीला छातीशी धरून उभी होती. तिच्या गालावर पाच बोटं उमटली होती.

"कुणी मारलं हिला?" लीलाबाईंनी विचारलं.

मग तालमीचे तात्याबा वस्ताद खाकरले. "बाई, तुमी यात पडू नका. मी चाळीस वर्सं पोरं तयार करतोय. क्यास गळून गडी असा आडवा हुतो तो सोमलाच्या इखानंच. पूर्वी आमच्याच तालमीत एकाला भावकीनं सोमल घातला हुता. त्यो बी असाच झडला."

"उद्या चौकीत अर्ज जाईल," पाटील म्हणाले. "हिनं तिकडं काय ते सांगावं. पोर हितंच ऱ्हाईल, चंद्राबाईपाशी."

"अंगावर पिणारी पोर?"

"आवं, वरचं दूध पाजतील की."

लीलाबाईंची कानशिलं तापली. माणसं बाजूला सारत त्या पाटापाशी गेल्या, पुरचुंडीतली चिमूट उचलली, हुंगली, आणि कुणी काही म्हणायच्या आत जिभेवर ठेवली. अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीनं तर रडायलाच सुरुवात केली.

"शतावरी आहे," लीलाबाई म्हणाल्या. "बाळंतिणीला देतात. दूध यावं म्हणून. तुमच्यातल्या निम्म्या बायकांनी खाल्लीय, आणि आता तोंड झाकून बघताय होय! बनू, ही लपवून का ठेवलीस?"

बनूनं पोरीला वर सरकवलं. "माज्या आईनं दिली. पोरीला पुरत न्हाई म्हून वाटीभर दूध मागितलं, तर आत्याबाई म्हणाल्या, दूध पैलवानाचं आन बैलाचं. मग पुन्यांदा मागितलं न्हाई."

पाटलांनी पुरचुंडीकडं बघितलं, मग वस्तादांकडं. "पूड न्हवं तर न्हवं. पर जोतीरामला झालंय काय मग? ते सांगा की बाई."

लीलाबाईंनी पुरचुंडी बांधून बनूच्या हातात दिली.

"पंधरा दिवस द्या मला. बनू आणि पोर माझ्या खोलीवर राहतील."

"दिलं," पाटील म्हणाले. "सोळाव्या दिवशी उत्तर आलं न्हाई, तर अर्ज जाईल आन पोर ह्या घरात परत येईल. पुन्ना माझ्याशी वाद घालायचा न्हाई."

२

जोतीराम मागच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडला होता. मागल्या साली यात्रेत मानाची कुस्ती मारलेला हा गडी. त्याची उशी केसांनी भरली होती. भुवया विरळ झाल्या होत्या, पापण्यांना केस उरले नव्हते. डोळ्यांभोवती, नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यांत लाल खवले धरले होते.

"कसं वाटतंय रे?"

"मुंग्या येत्यात बाई, हातापायाला. अन्नाचा वास सोसत न्हाई." परत भिंतीकडं वळत तो म्हणाला, "उटावंसंच वाटत न्हाई."

लीलाबाईंनी त्याचे हात उजेडात धरले आणि नखं एकेक करून पाहिली. सोमल पोटात गेलेला माणूस त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाहिला होता. त्याच्या नखांवर आडवे पांढरे पट्टे होते, तळवे जाड होऊन खरखरीत झाले होते. जोतीरामची नखं स्वच्छ होती, तळवे मऊ. चाळीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या वस्तादानं पोराचे हात एकदा उलटे करून बघितले नव्हते.

चंद्राबाई दारात उभीच होती. लीलाबाई तिच्याकडं वळल्या. "खायला प्यायला काय देता याला? सगळं सांगा."

"भाकरी, मटान, दूध, बदाम. आन तांब्या."

"कसला तांब्या?"

"अंड्यांचा. आमच्या थोरल्या नाथाजीच्या कोंबड्या दसऱ्याच्या सुमाराला अंडी घालाय लागल्या, तवापासनं रोज चोवीस अंडी. मी माज्या हातानं फोडते. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई. ही बया फकस्त तांब्या तालमीत न्हेऊन द्यायची. वाटंत काय घालायची ते द्येवालाच ठावं!"

"कच्ची?"

"मग काय शिजवून? शिजवलं की अंड्याची ताकद मरती, वस्ताद म्हणत्यात. एकदा हिनं काय केलं ठावं हाय का? तांब्या कढत दुधात वतला! समदं फुटून गोळं झालं. इख पडल्याबिगर अंडं गोठतंय व्हय? म्या गटारात वतलं आन हिच्या पाठीत लाकूड घातलं."

"चंद्राबाई, कढत दुधात अंडं शिजतं. कुणाच्याही हातनं ओतलं तरी शिजतं."

"तुमाला काय ठावं पैलवानाचं खानं!" चंद्राबाई एक पाऊल पुढं आली. "आन ह्ये बी ऐका. संक्रांतीच्या आदी जोतीराम तिच्यासंगं तिच्या म्हायेरी ऱ्हायला गेलता, तासगावाकडं, वीस दिस. आला त्यो निम्मा बरा होऊन! तोंडावरचं चट्टं गेलं हुतं. हितं आला आन पंधरा दिसांत पुन्ना सुरू. बापाच्या घरात ती कशाला इख घालील? हितं घालती. आता बोला!"

लीलाबाईंनी पिशवी उचलली. खोलीवर परतल्यावर त्यांनी बनूला एवढंच विचारलं, "तुझ्या माहेरी त्याला काय घालायचात?"

"आमी खातो तेच. भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही. माजा बाप माळकरी हाय बाई. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं येत न्हाई."

३

पाचव्या दिवशी लीलाबाई परत वाडीवर गेल्या. बनू पाच दिवस त्या घरात नव्हती. तांब्या आता चंद्राबाई स्वतःच पलंगापाशी नेऊन पाजत होती. तरी जोतीरामच्या ओठांचे कोपरे फाटून रक्त आलं होतं, आणि आज तो उठून बसलाही नव्हता.

"इख अंगात मुरलंय," चंद्राबाई म्हणाली.

"म्हणजे ती इथं असली तरी तीच, आणि नसली तरी तीच?"

"व्हय! तीच!"

बनू होती आणि तांब्या नव्हता तेव्हा गडी सुधारला. तांब्या होता आणि बनू नव्हती तेव्हा बिघडला. लीलाबाईंनी हे मनात दोनदा तपासलं. दोष तांब्यात होता. मग तांब्यात काय पडत होतं, आणि कुणाच्या हातून? आईच्या हातून? ते पटत नव्हतं. अंडी ज्याच्या घरची होती तो थोरला भाऊ नाथाजी मात्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. दोघा भावांत उसाची जमीन सामाईक होती. फौजेतून परत आलेला नाथाजी बिनलग्नाचा, आणि जोतीरामला मुलगा नव्हता.

नाथाजी गोठ्यात होता. शर्यतीच्या बैलाला, पाखऱ्याला, खरारा करत होता.

"या बाई." त्यानं वळून पाहिलं. "तुमच्या डोळ्यांत दिसतंय काय ते. विचारा."

"तुझ्या कोंबड्यांना काय औषध घालतोस?"

"काय बी न्हाई. मका, पेंड. आन ऐका, फौजेत अकरा वर्सं मी अंडी खाल्ली, पर ती उकडून. हितं ह्यानी कच्ची ढोसायला सुरुवात केली तर मी बोललो. वस्ताद म्हणालं, तू बंदूक सांभाळ, पैलवान आमी सांभाळतो. अख्खी तालीम हसली. मग गप ऱ्हायलो." तो खराऱ्यातले केस झटकत राहिला. "भाऊ हाय त्यो माजा. जमिनीसाठी मारायचा असता तर पयला कवाच इहिरीत ढकलला असता, पवायला मीच शिकवलंय त्याला."

लीलाबाईंना हसू आलं नाही, पण त्यांचा संशय ढिला पडला. त्या बैलाकडं बघू लागल्या. असं जनावर त्यांनी क्वचितच पाहिलं होतं. पाखऱ्याच्या अंगावरून ऊन घसरत होतं. कातडी तेल चोळल्यासारखी, केस रेशमासारखे, शेपटीचा झुबका दाट.

"याला काय चारतोस?"

"बाजरीचं पीठ, दूध, आन अंडी. शर्यतीच्या बैलाला अंडी लागत्यातच."

"याच कोंबड्यांची?"

"मग काय सांगलीवरनं आणू?"

म्हणजे एकाच घरात, एकाच कोंबड्यांची अंडी. त्यावर बैल असा झळकत होता आणि आत माणूस सोललेल्या कोंबड्यासारखा पडला होता. लीलाबाई खाली वाकल्या. गव्हाणीपाशी बैलाची बादली होती. तिच्या कडेला वाळलेला थर नखानं खरवडला तर निघाला. गडद पिवळा. पाखऱ्याच्या मिशांवरही पिवळे कण होते. पांढऱ्याचा कुठं टिपूसही नव्हता.

"नाथाजी, याला अख्खं अंडं देत नाही तुम्ही?"

"न्हाई. पिवळं तेवडं. दसऱ्याच्या टायमाला जोतीरामला गळवं आली हुती. वस्ताद म्हणालं, पिवळं उष्ण असतंय, त्यानं पैलवान जड हुतो, पांढरंच पाजा. मग आई फोडताना दोन येगळं करती. पिवळं बादलीत..."

"आणि चोवीस अंड्यांचं पांढरं तांब्यात."

"व्हय."

"तालमीतली दुसरी पोरं?"

"त्यांच्या घरी कुटं कोंबड्या? एकांदं अंडं फोडून दुधात घालत्यात, पिवळ्यासकट. का वो बाई?"

लीलाबाई निघाल्याच होत्या. दुपारची सांगलीकडं जाणारी गाडी त्यांना गाठायची होती.

४

सांगलीत विश्रामबागेत अजितकुमारचं औषधाचं दुकान होतं. जैन कुटुंबातला शांत, चष्मेवाला माणूस. गिऱ्हाईक नसलं की काउंटरमागे जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचत बसायचा. लीलाबाईंना कुठल्याही औषधाबद्दल शंका आली की त्या मोठ्या डॉक्टरांआधी त्याच्याकडं यायच्या, कारण तो माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचा.

"अजितकुमार, अंड्याबद्दल विचारायचंय. राग मानू नका."

"मी अंड्याला हात लावत नाही, बाई. पुस्तकाला लावतो."

"कच्चं पांढरं. चोवीस अंड्यांचं, रोज, चार महिने. केस, पापण्या गेल्या. डोळ्यांभोवती, तोंडाभोवती चट्टे, हातापायाला मुंग्या, अन्न नको, मन मेलेलं. मधे वीस दिवस अंडी बंद होती तेव्हा सुधारला."

अजितकुमारनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग फळीवरून एक पुस्तक काढून पानं उलटू लागला. लीलाबाईंना त्याच्या हातातून ते ओढून घ्यावंसं वाटत होतं.

"हे बघा. परदेशात उंदरांवर प्रयोग केले होते. फक्त कच्चं पांढरं खायला घातलं. उंदरांचे केस गेले, डोळ्यांभोवती चष्म्यासारखे चट्टे उठले. अंडं शिजवून दिलं तर काही नाही. पुढे माणसांनाही कच्चं पांढरं देऊन पाहिलं, तर कातडी खवलली, भूक मेली, मन खचलं."

"विष असतं का पांढऱ्यात?"

"विष नाही. पांढऱ्यात एक द्रव्य असतं, ते बायोटिनला धरून ठेवतं. बायोटिन म्हणजे ब गटातलंच एक जीवनसत्त्व. अगदी कणभर लागतं, पण कातडी, केस, नसा, खाल्लेल्याची ताकद होणं, सगळ्यात त्याचा हात. हे द्रव्य त्याला पोटात असं पकडतं की सुटका नाही, दोन्ही तशीच शरीराबाहेर. भाकरीतलं, मटणातलं बायोटिनसुद्धा त्यानं ओढून नेलं असणार. शिजवलं की द्रव्याची पकड जाते."

"आणि बायोटिन अंड्यात कुठं असतं?"

"पिवळ्यात," अजितकुमार म्हणाला. "भरपूर."

लीलाबाईंनी काउंटरवर हात आपटला. बरण्या हलल्या. "बैलाला, अजितकुमार! पिवळं बैलाला घालतायत! आणि त्या पोरीनं एकदा पांढरं शिजवून दिलं तर तिच्या पाठीत लाकूड! तेवढा एकच तांब्या त्याला बाधला नसता, तो गटारात ओतला!"

अजितकुमार आत जाऊन एक खोका घेऊन आला. "कंपनीचा माणूस नमुना देऊन गेला होता. बायोटिनच्या दहा कुप्या आहेत. इथं कुणी मागत नाही. तुमच्या डॉक्टरांना दाखवा, मगच टोचा. तांब्या आजपासून बंद. काळीज, शेंगदाणे, शिजवलेलं अंडं द्या. केसांना महिने लागतील, बाकीचं लवकर कळेल. कळलं नाही तर आपलं चुकलं असं समजा."

दहा दिवस उरले होते.

५

तांब्या बंद करायला चंद्राबाईनं नकार दिला. तेव्हा नाथाजीनं तो उचलला, अंगणात पालथा केला आणि आईच्या समोर उभा राहिला. "आता मी सांगतो तेच त्यो खाईल. लई झालं तुमचं आन वस्तादाचं." डॉक्टरांनी कुप्या पाहून मान डोलावली. लीलाबाई रोज वाडीवर चालत जाऊन सुई टोचू लागल्या. तिसऱ्या दिवशी जोतीरामनं भाकरी मागितली. पाचव्या दिवशी मुंग्या थांबल्या. नवव्या दिवशी त्याच्या तोंडावरचे खवले गळून खालची कातडी गुलाबी दिसू लागली आणि तो स्वतःच्या पायानं पाराशी येऊन बसला.

सोळाव्या दिवशी लीलाबाई बनूला आणि पोरीला घेऊन त्या अंगणात आल्या. पाटील, वस्ताद, नाथाजी, चंद्राबाई आणि कट्ट्यावर जोतीराम. बाकी अंगण रिकामं.

"त्या दिवशी अख्खी वाडी होती इथं," लीलाबाई म्हणाल्या. "आज कुठं मेली?" आणि त्या स्वतः गल्लीत गेल्या. कड्या वाजवल्या, चुलीपुढच्या बायकांना उठवलं, पारावरच्या म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलं. अंगण भरल्याशिवाय त्यांनी तोंड उघडलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. नखं सांगितली, तासगावचे वीस दिवस सांगितले, बनू नसतानाचे पाच दिवस सांगितले, बैलाची बादली सांगितली. "सोमल नव्हता, इख नव्हतं. पैलवानाच्या तोंडचं पिवळं बैलाच्या बादलीत गेलं आणि उरलेल्या पांढऱ्यानं त्याच्या पोटातलं होतं नव्हतं ते ओढून नेलं. हे केलं कुणी? सल्ला वस्तादांचा, हात चंद्राबाईचे. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत, हे मला मान्य आहे. पण चूक होती तुमची आणि पाच बोटं उठली हिच्या गालावर."

वस्तादांनी फेटा सारखा केला. "आमाला काय ठावं, बाई, आतलं असलं. बरं, ती सुई लई भारी दिसती. तालमीतल्या समद्या पोरांना टोचून टाका की. केस दाट हुतील, ताकद ईल."

"वस्ताद!" लीलाबाईंचा आवाज असा चढला की नाथाजीसुद्धा दचकला. "ज्यांच्या पोटात आधीच पुरेसं आहे त्यांना वरून टोचून काय होणार? लघवीतून जाईल! हे जोतीरामला लागलं, कारण त्याचं तुम्ही काढून घेतलंत. बाकीच्यांना भाकरी, शेंगदाणे आणि अख्खं शिजवलेलं अंडं पुरेसं आहे. आता तालमीत कच्च्या पांढऱ्याचा तांब्या दिसला, तर चौकीत अर्ज मी देईन, आणि त्यावर नाव तुमचं असेल."

कट्ट्यावर कुणीतरी फिसकन हसलं. वस्ताद खाली बघू लागले.

पाटील म्हणाले, "मग झालं तर. मिटलं. बनू, पोरी, जा आत."

चंद्राबाई पुढं आली. डोळ्याला पदर लावला. "झालं गेलं. दे पोर माज्याकडं, च्या टाक समद्यांना."

बनू हलली नाही. पंधरा दिवस लीलाबाईंच्या खोलीवर ती फारसं बोलली नव्हती. आता तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि सासूला ओलांडून सरळ नवऱ्याकडं बघितलं.

"एक विचारते. समद्यांसमोर विचारते. आत्याबाई म्हणाल्या, वस्ताद म्हणालं. तुमाला काय वाटलं? म्या इख घालते असं वाटलं का न्हाई?"

जोतीराम कट्ट्यावर बसून राहिला. लीलाबाईंना वाटलं, आता हा आईचं नाव पुढं करेल, आजाराचं करेल.

"वाटलं," तो म्हणाला.

बनूनं मान हलवली. "बरं झालं सांगितलंसा."

ती चालू लागली. चंद्राबाई पोरीसाठी हात पसरून आडवी आली, तर नाथाजीनं आईचा दंड धरून तिला बाजूला घेतलं. बनू दारातून गेली, गल्लीतून गेली, तासगावच्या गाडीच्या वाटेनं. कुणाची तिला थांबवायची छाती झाली नाही. पाटलांनी एकदा तोंड उघडलं, लीलाबाईंकडं बघितलं आणि मिटलं.

जोतीराम उठून लीलाबाईंपाशी आला. "बाई, ती माघारी यील का?"

"मला काय विचारतोस?" लीलाबाईंनी पिशवीचा बंद इतका जोरात ओढला की तो तुटला. "वाट माहीत आहे ना तुला? वीस दिवस जेवलायस त्या घरात. जा, आणि तिच्या बापाच्या दारात उभा राहून विचार. आत घेतलं नाही तर उभाच राहा."

तो अनवाणीच निघाला. मागून चंद्राबाईनं हाक मारली, पायताण तरी घाल रं म्हणून. त्यानं ऐकलं नाही, की ऐकून वळला नाही, कोण जाणे. लीलाबाई दारात उभं राहून बघत होत्या. गल्लीच्या टोकाशी गाडीचा धुरळा उठला होता, बनू पोरीला घेऊन पायरी चढत होती, आणि तो पळायला लागला होता.